लेन्स बदलताना कॅमेऱ्यात धूळ जाऊ नये म्हणून

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा घेऊन थोडेच दिवस झालेत, सोबत दोन लेन्स आहेत आणि इतक्यातच आभाळाच्या फोटोंत करडे ठिपके दिसायला लागलेत. त्यामुळे बाहेर लेन्स बदलायची धास्तीच बसली आहे. लेन्स फक्त घरातच बदलावी का? त्यासाठी कॅमेरा बंद करणं खरंच गरजेचं आहे का? बंद केल्यावर शटर मिटवून ठेवायची सोय सुरू करावी का? आणि आत गेलेली धूळ आपली आपण काढावी का?

आधी धास्ती कमी करते. लेन्स बदलता येणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्यात आज ना उद्या धूळ जातेच. एकच लेन्स लावून ती कधीच न काढणाऱ्यांच्या कॅमेऱ्यातही जाते, कारण लांब-आखूड होणारी झूम लेन्स दर वेळी हवा आत-बाहेर ढकलत असते आणि माउंटचा, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला अडकते त्या कड्याचा, सांधा काही पूर्ण हवाबंद नसतो. शिवाय शटरची पाती आणि माउंटचा धातू घासून आतल्या आतही थोडा चुरा तयार होतो. तेव्हा एकही कण नको हा हट्ट सोडा. कण कमी यावेत आणि आलेले फुंकरीने निघावेत, एवढं जमलं तरी खूप झालं.

मी फोटो काढते तसेच इतरांचे कॅमेरेही साफ करून देते. भिंगाखाली सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग, पाहताना एक गोष्ट वारंवार जाणवते, आणि माझ्या उत्तराचा सगळा भर तिच्यावरच आहे. लोक दोष देतात हवेला. म्हणून लेन्स काढली की जीव मुठीत धरून, धांदल करत दुसरी लावतात. पण सेन्सरवरच्या काचेवर मला जे दिसतं त्यात बॅगेच्या अस्तराचे तंतू असतात, स्वेटरची लव असते, झाकणाच्या आत साचलेली भुकटी असते. हे सगळं हवेतून उडत आलेलं नसतं. लेन्सच्या मागच्या बाजूला बसून ते थेट कॅमेऱ्याच्या तोंडाशी पोचलेलं असतं आणि पोचवलेलं असतं आपणच. तोंड उघडं राहण्याचे दोन-तीन सेकंद वाचवायची लोकांना फार चिंता. त्याआधीच्या दोन मिनिटांत काय केलं, यावर मात्र कुणी बोलत नाही.

पण आधी ठिपका नेमका कशाचा, ते बघू. त्यावरून किती काळजी करायची तेही ठरेल. धूळ थेट सेन्सरवर बसत नाही. सेन्सरच्या पुढे काचेच्या फिल्टरचा थर असतो. बऱ्याच फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यांत तो साधारण दोन मिलिमीटर जाड असतो, मायक्रो फोर थर्ड्स या लहान सेन्सरच्या प्रकारात त्याच्या जवळजवळ दुप्पट. कण बसतो त्या काचेच्या पुढच्या अंगाला, आणि फोटोत दिसते ती त्याची सेन्सरवर पडलेली सावली. ट्यूबलाइटखाली हात टेबलाला टेकवून धरला तर सावली रेखीव पडते. तोच हात वीतभर वर उचलला की सावली पसरून विरून जाते. आता हात तिथेच ठेवून ट्यूबच्या जागी बारीक टॉर्च आणा. सावली पुन्हा रेखीव होते. कॅमेऱ्यात हा दिव्याचा आकार ठरवतं ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र. एफ-आकडा जितका मोठा तितकं ते बारीक.

हिशोबच करून दाखवते. लेन्समधून सेन्सरच्या एका बिंदूकडे निमुळता होत येणारा प्रकाशाचा शंकू कणाच्या जागी किती रुंद आहे हे काढायचं तर कणापासून सेन्सरपर्यंतच्या अंतराला एफ-आकड्याने भागायचं. अंतर २ मिलिमीटर धरलं तर एफ/२ ला शंकू १ मिलिमीटर रुंद आणि एफ/१६ ला ०.१२५ मिलिमीटर. कण घेऊ ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे एका बारीक केसाच्या जाडीचा. एफ/२ ला तो शंकूचा फक्त चारशेवा भाग अडवतो. इतका फरक डोळ्याला कळतच नाही. एफ/१६ ला तोच कण जवळजवळ सहावा भाग अडवतो, आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम फाइलमध्ये पंचवीस-तीस पिक्सेल रुंदीचा करडा डाग होऊन बसतो. काचेतल्या वक्रीभवनामुळे आकडे थोडे इकडे-तिकडे होतील, पण प्रमाण हेच.

म्हणजे तुम्ही मुख्यतः एफ/१.८ वर माणसांचे फोटो काढत असाल तर सेन्सरवर डझनभर कण असूनही तुम्हाला वर्षभर पत्ता लागणार नाही. एफ/११ च्या पुढे जाणारे, म्हणजे निसर्गचित्रं, मॅक्रो, पाण्याची संथ धार वगैरे टिपणारे, यांना प्रत्येक कण दिसतो. व्हिडिओवाल्यांची गोष्ट आणखी वेगळी आहे. भर उन्हात एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची, प्रकाश कमी करणारी गडद काच) न लावता ॲपर्चर बारीक केलं की ठिपका दिसतो, आणि कॅमेरा फिरला तरी तो पडद्यावर जागच्या जागी राहतो. फोटोतला ठिपका पुसणं सोपं असतं, क्लिपमधला पुसताना नाकी नऊ येतात.

तुमचे ठिपके सेन्सरवरचेच आहेत का, हे आधी तपासा. कॅमेरा ॲपर्चर प्रायॉरिटीवर, सर्वांत कमी आयएसओ, एफ/१६ किंवा एफ/२२, ऑटोफोकस बंद. निरभ्र आभाळ किंवा पांढरी भिंत पूर्ण चौकटीत घ्या. फोकस मुद्दाम बिघडवा. एक्सपोजर एखादा स्टॉप वाढवा. शटर दाबल्यावर कॅमेरा थोडा हलवत राहा. हलवायचं अशासाठी, की भिंतीवरचे खरे डाग पुसट होऊन जातात आणि सेन्सरवरचे जागच्या जागी राहतात. फाइल संगणकावर घेऊन कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा. जे दिसेल ते पाहून घाबरू नका, एफ/२२ वर कोऱ्या कॅमेऱ्यातही दोन-चार ठिपके निघतात. लेन्स बदलूनही ठिपका त्याच जागी असेल तर तो सेन्सरवरचा. लेन्सच्या पुढच्या काचेवरची धूळ असा ठिपका पाडत नाही. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात, व्ह्यूफाइंडरमधून दिसणारा काळा कण आरशावर किंवा फोकसिंग स्क्रीनवर असतो, फोटोत तो येतही नाही. त्याच्यामागे लागून लोक आरसा पुसतात आणि आरशावर कायमचे ओरखडे पाडून घेतात.

कण कुठे बसलाय ते ओळखायचं असेल तर हे लक्षात ठेवा. लेन्स चित्र उलटं पाडते, म्हणून फोटोत वर दिसणारा ठिपका सेन्सरवर खाली असतो. माउंटमधून सेन्सरकडे समोरून पाहताना डावी-उजवी बाजू मात्र फोटोसारखीच राहते. फोटोत वर डावीकडे ठिपका असेल तर समोरून पाहताना कण खाली डावीकडे शोधायचा.

आता धूळ कुठून येते ते. सगळ्यात मोठा गुन्हेगार लेन्सचं मागचं झाकण, आणि त्याच्याकडे कुणी बघतही नाही. लेन्स बदलताना झाकण काढलं की ते खिशात जातं. खिशात रुमालाची लव, कागदाचा भुगा, शिवणीतला कचरा, काय काय असतं. ते झाकणाला चिकटतं आणि अर्ध्या तासाने झाकण लेन्सवर बसलं की सगळं लेन्सच्या मागच्या काचेवर आणि माउंटच्या कडेवर उतरतं. पुढच्या वेळी ही लेन्स कॅमेऱ्यावर चढली की तो माल सेन्सरपासून बोटभर अंतरावर असतो. बॉडी कॅपचंही, म्हणजे लेन्स नसताना कॅमेऱ्याच्या तोंडावर लावायच्या झाकणाचंही, तेच. घरी पोचल्यावर एक झाकण घ्या, आतून उजेडात तिरकं धरून बघा. कडेच्या खाचेत करडी रेघ दिसेल.

झाकणं साध्या साबणाच्या पाण्याने धुवा, जुना मऊ टूथब्रश खाचांतून फिरवा आणि ती पूर्ण वाळू द्या. टॉवेलने पुसू नका, नाहीतर धुतलेलं वाया गेलं. पाणी झटकून उलटी ठेवून द्यायची. महिन्या-दोन महिन्यांनी हे केलं तरी फरक पडतो. दुसरी सवय म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स चढलेली असताना बॉडी कॅप आणि त्या लेन्सचं मागचं झाकण ही दोन्ही रिकामी असतात. बहुतेक माउंटमध्ये ती एकमेकांत फिरवून बसतात. तशी बसवून ठेवली की दोन्हींची आतली बाजू बंद राहते आणि मग ती खिशात टाकली तरी बिघडत नाही. मुळात त्यांची रचनाच अशी आहे, पण बरेच जण ही जोडी कधी जुळवूनच बघत नाहीत.

दुसरा नंबर बॅगेचा. आतले मऊ कप्पे वेल्क्रोने लागलेले असतात. वेल्क्रो ओढला की तंतू सुटतात आणि तळाला साचतात. बॅग रिकामी करा, कप्पे काढा, उलटी करून झटका आणि व्हॅक्यूम क्लीनरने कोपरे ओढून घ्या. व्हॅक्यूम क्लीनर बॅगेपुरताच, तो कॅमेऱ्याच्या तोंडाजवळ कधीही न्यायचा नाही. कपड्यांबद्दल एवढंच सांगते, लव सुटणारा स्वेटर किंवा शाल अंगावर असेल तर लेन्स छातीशी धरून बदलू नका. फोटोत ठिपक्याऐवजी वळणदार, केसासारखी रेघ दिसत असेल तर तो तंतू आहे आणि तो बहुधा कपड्यातून किंवा बॅगेतूनच आलाय.

ब्लोअर चांगला घ्या. म्हणजे हवा आत घ्यायची झडप मागे वेगळी असलेला. साधा रबरी फुगा टोकातूनच हवा ओढतो, त्यामुळे आत्ताच उडवलेली धूळ पोटात घेतो आणि पुढच्या फुंकरीत तुम्हालाच परत करतो. नवीन ब्लोअरच्या आत कधीकधी रबराची भुकटी असते, म्हणून पहिल्या दिवशी तो हवेत भरपूर वेळा दाबून रिकामा करा. तो झिपच्या पिशवीत ठेवा, बॅगेत उघडा लोळू देऊ नका. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे बारीक थेंब काचेवर वाळतात आणि फुंकरीने निघत नाहीत. दाबाच्या हवेचा डबा तर कॅमेऱ्याजवळ नकोच. डबा तिरका झाला की आतलं द्रव बाहेर येतं, काचेवर थर धरतं आणि एकदम गारठा देतं.

एवढी तयारी झाली की प्रत्यक्ष बदल सोपा होतो. मी कसा करते ते क्रमाने सांगते.

कॅमेरा गळ्यात पट्ट्याने लटकलेला, वाऱ्याकडे माझी पाठ. लावायची लेन्स अजून बॅगेतच, पुढचं झाकण खाली आणि मागचं झाकण वर अशी उभी. आधी तिच्या मागच्या झाकणाच्या कडेने ब्लोअरच्या दोन-तीन फुंकरी. त्या कडेवर बसलेली धूळ झाकण फिरवताना आत पडते, म्हणून झाकण हलवायच्या आधीच फुंकरायचं. मग कॅमेऱ्यावर चढलेल्या लेन्सच्या मुळाशी, बॉडी आणि लेन्स यांच्यामधल्या फटीवर चहूबाजूंनी फुंकरी. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. दिवसभर बाहेर वापरलेल्या कॅमेऱ्यात त्या खाचेत धुळीचं कडं तयार झालेलं असतं, आणि लेन्स फिरवून उचलली की ते सरळ तोंडात घरंगळतं.

मग कॅमेरा बंद. नव्या लेन्सचं मागचं झाकण फिरवून सैल करायचं, पण उचलायचं नाही, नुसतं वर ठेवलेलं. लेन्सवरची जुळणीची खूण कुठे आहे ते बघून ठेवायचं. एखादी पांढरी किंवा लाल टिकली असते. बॉडीवरची खूणही लक्षात ठेवायची. तोंड उघडं ठेवून खूण शोधत बसण्यात जेवढा वेळ जातो तेवढा दुसऱ्या कशात जात नाही.

आता कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे. डाव्या हाताने बॉडी, अंगठा किंवा बोट सोडवणीच्या बटणावर, उजव्या हाताने लेन्स फिरवून खाली काढली. ती बॅगेतल्या मोकळ्या कप्प्यात मागची बाजू वर करून उभी ठेवली. त्याच हाताने नव्या लेन्सवरचं सैल झाकण उचलून लगेच नुकत्याच काढलेल्या लेन्सवर टेकवलं. फिरवायचं नाही, नुसतं टेकवायचं. नवी लेन्स उचलली, खूण जुळवली, खालूनच लावली, टक् असा आवाज येईपर्यंत फिरवली. मग निवांतपणे जुन्या लेन्सचं झाकण घट्ट केलं. या पद्धतीत एकच झाकण हातात असतं, ते खिशात जात नाही आणि कुठे खाली ठेवावंही लागत नाही. घरी रिकाम्या टेबलावर डोळे मिटून हे पंधरा-वीस वेळा करून बघा. हाताला सवय झाली की घाई न करताही वेळ आपोआप कमी होतो. घाईत लेन्स हातातून सुटते, आणि सुटलेली लेन्स धुळीच्या ठिपक्यापेक्षा कितीतरी महागात पडते.

तोंड खाली का, यावर एक गैरसमज आहे. त्याने सगळी धूळ थांबत नाही. ०.०५ मिलिमीटरचा वाळूचा कण शांत हवेत सेकंदाला दहा-वीस सेंटिमीटर वेगाने खाली पडतो, त्याच्यासाठी तोंड खाली असणं उपयोगी. ०.०१ मिलिमीटरचा कण मात्र सेकंदाला काही मिलिमीटरच उतरतो, म्हणजे जवळजवळ तरंगतोच. वाऱ्याची झुळूक त्याला वर, बाजूला, कुठेही नेते. म्हणून वारा अडवणं हे तोंड खाली करण्याइतकंच महत्त्वाचं. स्वतःची पाठ, भिंत, झाडाचा बुंधा, गाडी, जे मिळेल त्याचा आडोसा घ्या. गाडीत बसत असाल तर पंखा आणि एसी बंद करा, काचा वर घ्या आणि दोन मिनिटं थांबा. दार आपटून लगेच लेन्स काढली तर सीटवरची उडालेली धूळच आत घेताय. घरातही पंख्याखाली नको, गादीवर किंवा सोफ्यावर बसून नको.

घरातच बदलावी का, या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. आडोसा असलेली बाहेरची जागा ही नुकत्याच झाडलेल्या खोलीपेक्षा बरी. कवडशात खोलीतली हवा एकदा बघितली की घर स्वच्छच असतं हा समज निघून जातो. लेन्स बदलता येते म्हणूनच हा कॅमेरा घेतलाय, तेव्हा बदला. फक्त काही ठिकाणी खरंच बदलू नका. समुद्रकाठी वारा असताना, कारण तिथे उडतो तो खारट पाण्याचा तुषार असतो आणि तो वाळला की फुंकरीने निघत नाही. वाळूचं वादळ, मळणी, दगडफोड, बांधकाम यांच्याजवळ. उधळणारा रंग किंवा पीठ जिथे आहे तिथे. अशा ठिकाणी जायच्या आधीच लेन्स ठरवा, शक्य असेल तर दुसरी बॉडी न्या. अगदी नाइलाज झाला तर मोठी, स्वच्छ, पारदर्शक झिपची पिशवी वापरा. बॉडी आणि लेन्स दोन्ही आत घालून, पिशवीच्या तोंडातून हात घालून बदल करायचा. हात अवघडतात, पण जमतं. फिल्मच्या काळातली काळी चेंजिंग बॅग काहीजण यासाठी सुचवतात. मला ती आवडत नाही, कारण तिच्या कापडाचेच तंतू सुटतात आणि आत काय चाललंय ते दिसत नाही.

दमट हवेचं वेगळं. थंडगार एसी खोलीतून बाहेरच्या उकाड्यात आल्या आल्या लेन्स काढली तर आतल्या थंड काचेवर दव धरतं, आणि ओल्या काचेवर बसलेला कण वाळून चिकटतो. कॅमेरा बॅगेत बंद ठेवून अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, मग उघडा.

कॅमेरा बंद करण्याबद्दल. चालू सेन्सरवर स्थिर वीज असते आणि ती धूळ ओढते, असं कारण बहुतेक ठिकाणी सांगतात. मला ते पटत नाही. धूळ बसते ती पुढच्या काचेवर, आणि त्या काचेवरचा विद्युतभार कॅमेऱ्याच्या स्विचपेक्षा कोरड्या हवेने आणि घासण्याने जास्त ठरतो. तरीही बंद कराच, कारणं दुसरी आहेत. लेन्सच्या संपर्कबिंदूंतून वीज जात असताना ते एकमेकांवरून घसरू नयेत. लेन्समधली स्थिरीकरणाची (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी) काच आणि बॉडीतला हलणारा सेन्सर जागेवर विसावावा. आणि चुकून बटण दाबलं जाऊन शटर उडू नये.

शटर मिटवून ठेवायची सोय २०१८ च्या कॅनन ईओएस आर मध्ये आली, नंतर इतरही अनेक मिररलेस कॅमेऱ्यांत ती दिसायला लागली. निकॉनच्या झेड९ मध्ये यांत्रिक शटरच नाही, म्हणून तिथे सेन्सरसाठी वेगळा पडदा दिला आहे. मिररलेसमध्ये याची गरज का भासली ते आकड्यांतून दिसतं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये माउंटपासून सेन्सर ४६.५ मिलिमीटर आत होता, मध्ये आरसा आणि मिटलेलं शटर. झेड माउंटमध्ये हे अंतर १६ मिलिमीटर आहे. कॅननचं ४४ वरून २० वर आलं. म्हणजे लेन्स काढली की सेन्सर जवळजवळ उंबरठ्यावरच.

तुमच्या कॅमेऱ्यात सोय असेल तर चालू ठेवा, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. शटरची पाती अतिशय पातळ असतात. मिटलेल्या शटरवर ब्लोअरचा जोरदार झोत किंवा बोटाचा नुसता स्पर्शही त्यांना वाकवू शकतो, आणि शटर बदलायचा खर्च सेन्सर साफ करण्याच्या कितीतरी पट. दुसरं म्हणजे पात्यांवर बसलेला कण तिथेच राहत नाही. कॅमेरा चालू केला की पाती झटक्याने सरकतात आणि तो कुठेतरी आतच उडतो. हा पडदा मदत करतो, पण झाकणं धुण्याची कामगिरी तो करणार नाही.

कॅमेऱ्याची स्वतःची सफाई म्हणजे काचेला अतिवेगाने थरथरवून कण झटकणं. २००३ च्या ऑलिंपस ई-१ मध्ये ती पहिल्यांदा आली आणि २००६-०७ पर्यंत इतर कंपन्यांनीही आणली. कोरडी, भुरभुरीत धूळ तिने चांगली निघते. परागकण, तेलाचा थेंब, वाळलेलं पाणी यांवर ती हतबल आहे. मेन्यूतून हाताने चालवताना शक्यतो कंपनीच्या पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे कॅमेरा टेबलावर सरळ उभा ठेवून चालवा, आणि लेन्स बदलल्यावर एकदा चालवायची सवय लावा. नुकताच आलेला कण लवकर सुटतो, आठवडाभर चिकटून बसलेला सुटत नाही.

तिने भागलं नाही तर ब्लोअर. बॅटरी पूर्ण भरलेली हवी, विशेषतः डीएसएलआरमध्ये, कारण सफाईच्या मोडमध्ये आरसा वर धरलेला असतो आणि मध्येच बॅटरी संपली तर तो खाली येतो. मिररलेसमध्ये शटर उघडं आहे ना, ते डोळ्याने बघून खात्री करा. ब्लोअर आधी दोन-तीनदा हवेत दाबा. कॅमेऱ्याचं तोंड खाली, ब्लोअर खालून, नळी माउंटच्या कडेच्या आत जाऊ द्यायची नाही. पाच-सहा ठाम फुंकरी मारा, क्षणभर तसंच धरा म्हणजे सुटलेले कण खाली पडतील, आणि लेन्स लावा. पुन्हा एफ/१६ चा फोटो काढून बघा. ठिपका जागा बदलतो, तेव्हा लोक निराश होतात. खरं तर ती चांगली खूण आहे, कण सैल आहे. पुन्हा फुंकरा.

ओली सफाई मी नवख्यांना सहसा सुचवत नाही, पण ती जादूटोणाही नाही. सेन्सरच्या उंचीएवढ्या रुंदीचा स्वॅब (पुसायची चपटी पट्टी) लागतो, फुल फ्रेमला २४ मिलिमीटरचा, एपीएस-सी या त्याहून लहान सेन्सरला १६ चा. सेन्सरसाठीच बनवलेल्या द्रवाचे एक-दोन थेंब स्वॅबवर टाकायचे, थेट काचेवर कधीच नाही. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत हलक्या हाताने एक फेरी, स्वॅब उलटून दुसऱ्या बाजूने परत, आणि तो स्वॅब फेकून द्यायचा. ओलं करायच्या आधी ब्लोअरने रेतीचे कण उडवलेच पाहिजेत, नाहीतर तेच कण काचेवर घासले जातात. बॉडीतच स्थिरीकरण असेल तर सेन्सर हाताखाली हलतो, तिथे जोर लावाल तर यंत्रणा बिघडेल. कान साफ करायची काडी, चष्म्याचा स्प्रे, शर्टाचं टोक, यांपैकी काहीही नको. हात थरथरत असेल तर सर्व्हिस सेंटरला द्या, त्यात कमीपणा काही नाही.

एक प्रकार मात्र तुमच्या सावधपणाच्या पलीकडचा आहे. ठिपका अगदी गोल असेल, मधे फिकट आणि कडेला गडद असेल आणि फुंकरीने अजिबात हलत नसेल, तर तो शटरच्या यंत्रणेतून उडालेला तेलाचा थेंब असू शकतो. २०१२ मध्ये आलेल्या निकॉन डी६०० मधल्या ठिपक्यांची तक्रार इतकी गाजली की कंपनीला त्याबद्दल सूचना काढावी लागली, आणि २०१३ मध्ये सुधारित शटरचा डी६१० आला. नव्या कॅमेऱ्यात असे थेंब पुन्हा पुन्हा येत असतील तर स्वतः पुसत बसू नका, वॉरंटीत दाखवा.

राहिले तुम्ही आधीच काढलेले फोटो. ते वाया गेलेले नाहीत. सेन्सरवरचा ठिपका प्रत्येक फोटोत त्याच जागी असतो, त्यामुळे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एका फोटोवर सगळे ठिपके पुसा आणि तीच दुरुस्ती त्या दिवसाच्या बाकी फोटोंवर कॉपी करा. आभाळावर ती बिनबोभाट बसते. गवत, केस, विटांची भिंत असेल तिथे मात्र एकेक फोटो उघडून बघा, कारण पुसलेल्या जागी भलताच तुकडा आणून चिकटवलेला सापडतो. आणि उभे फोटो वेगळे काढून त्यांची दुरुस्ती वेगळी करा. कॅमेरा उभा धरला की ठिपक्याची जागा चौकटीबरोबर फिरते, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये आडव्या फोटोची दुरुस्ती उभ्यावर नीट बसत नाही.